हो सर, माझ्याकडूनच झालं

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटो न पटो. सुरज माझा सख्खा मावसभाऊ, आणि खोटं सांगणारा माणूस स्वतःचीच लाज अशी चव्हाट्यावर मांडत नाही.

ठिकाण सेलू. गेल्या वैशाखातला सोमवार, भर दुपार.

सुरज पुण्याच्या एका आयटी कंपनीत टीम लीड. काम सेलूच्या घरूनच. त्याच्या हाताखाली बिरदेव, राणीसावरगावच्या मेंढपाळाचा पोरगा. तोही गावाकडूनच काम करायचा. कामाला वाघ, पण मीटिंगमध्ये तोंडातून शब्द फुटायचा नाही.

शुक्रवारी मात्र तो बोलला होता.

"सर, टेस्टिंग न्हाई झालं अजून. आज लाइव्ह नका करू."

पण मॅनेजर विजयमाला मॅडमना वरच्यांपुढे मिरवायचं होतं. सुरजने मान डोलावली आणि नवं सॉफ्टवेअर सुरू करायला मंजुरी देऊन टाकली.

शनिवारी क्लायंटची सिस्टीम बंद पडली.

सोमवारी मीटिंगच्या आधी मॅडमचा फोन आला. "कुणाचं तरी नाव घ्यावं लागेल. तुझं प्रमोशन तोंडावर आलंय. बिरदेव काही उलटून बोलणार नाही."

मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी विचारलं, "चूक कुणाची?"

सुरजने माइक चालू केला. नाव निघालंच.

"बिरदेवची."



तेवढ्यात स्क्रीनवर बिरदेवच्या नावाची चौकट उजळली. कॅमेरा बंद. माइक चालू.

आधी नुसता वारा... मग मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या... मग त्याचा तो खालच्या पट्टीतला आवाज.

"हो सर. माझ्याकडूनच झालं."

चौकट विझली. सुरजला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच त्याला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

संध्याकाळी त्याने बिरदेवला फोन लावला. बंद. मग घरच्या नंबरवर लावला. वडिलांनी, भुजंगरावांनी उचलला.

"काल मेंढरं वळवायला गेल्तं पोरगं. वीज पडली, साहेब. आज सकाळीच माती दिली."

 सुरज कसाबसा म्हणाला, "आणि... त्याचा लॅपटॉप?"

"पेटीत हाय. काल वादळात लाईट गेली, ती अजून आली न्हाई. कंपनीचा हाय ना, आणून देतो मी. पोराचं नाव खराब नको व्हायला."

सुरजने फोन ठेवला. कुणाला काही सांगितलं नाही. प्रमोशन घेतलं.

गेल्या महिन्यात सुरजच्याच चुकीने पुन्हा एक सिस्टीम बंद पडली. या वेळी सुरजने मनाशी पक्कं केलं होतं, खरं बोलायचं. बिरदेवचं नाव मीटिंगच्या यादीतून केव्हाच काढलेलं होतं.

साहेबांनी विचारलं, "चूक कुणाची?"

'माझी' म्हणायला सुरजने तोंड उघडलं...

घंट्या वाजल्या.

"हो सर. माझ्याकडूनच झालं."

सगळ्यांनी ऐकलं. मॅडमनीही. हा कोण बोलला, एकानेही विचारलं नाही.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "पुढचा मुद्दा घ्या."

आणि सुरजने पुढचा मुद्दा घेतला.