मार्तंडचा हात

ईट गावच्या शिवारात, सत्यभामाबाईच्या घरामागं एक जुनी बारव आहे. एका अंगानं पायऱ्या, दुसऱ्या अंगानं मोटेचा सरळ कडा. बाईच्या लेकीच्या लग्नादिवशी, ऊन कलल्यावर, लिंबाजी हातपाय धुवायला त्या कड्याकडं निघाला. मांडवात भटजी अंतरपाट हुडकत होते, नवरी हळदीनं पिवळीधमक झालेली, आणि सगळं तयार असताना मामाच बिनधुतल्या पायांचा म्हणून बाया त्याची टर उडवत होत्या.

मामा, पण सख्खा नव्हे बरं का. सत्यभामेला भाऊ नव्हता, आणि तिचा नवरा मार्तंड म्हणजे लिंबाजीचा जीव की प्राण. निजामाच्या अमलात दोघं घरातून पळाले, नगर गाठलं, फौजेत शिरले आणि विमानातून उड्या मारणाऱ्या पलटणीत जाऊन बसले. निजाम गेला, मुलूख हिंदुस्थानात आला, तरी यांच्या उड्या चालूच. मार्तंड तर केस पिकेस्तोवर तिथंच राहिला, सुभेदार झाला. आणि एवढ्या आभाळातून दरवेळी सुखरूप उतरलेला गडी पेन्शनीवर घरी आला अन् साध्या तापानं खाटेवरच मेला! लिंबाजीला त्याचा अजून राग येतो. येरमाळ्याच्या आपल्या सायकलीच्या दुकानात बसून एकटाच पुटपुटतो, "असं मरत्यात व्हय रं?"

त्यांच्या उडीची एक रीत होती. विमानाच्या दाराशी रांग लागली की मागच्यानं पुढच्याच्या रेशमी छत्रीचे पट्टे चाचपायचे. आधी खांदे, मग बगला, मग कंबर. सगळं घट्ट असलं की पाठीवर थाप. थाप पडली की विचार करायचा नाही, सरळ उडी. लिंबाजीच्या मागं कायम मार्तंड असायचा. थाप अशी मारायचा की पाठ चुरचुरावी, आणि वर दात काढून म्हणायचा, "जा लेका, म्या हाय!" ती सवय पुढं हाडात मुरली. एकदा धाराशिवच्या बाजारात कुणा ओळखीच्यानं मायेनं पाठीवर थोपटलं, तर हा पठ्ठ्या समोरच्या भांड्यांच्या दुकानात, तांब्या-पातेल्यांवर उडी घेऊन मोकळा! सत्यभामा ती गोष्ट सांगताना अजून पोट धरून हसते. आणखी एक गंमत म्हणजे आभाळाला न भिणारा लिंबाजी पाण्याला मात्र जाम भ्यायचा. पोहता येत नव्हतं त्याला.

तर लिंबाजी कड्यावर आला. मांडवात हलगीचा दणका चालला होता, त्यात विमानांच्या घरघरीनं त्याचा एक कान कधीच गेलेला. मोटेचं पाणी पडायच्या दगडी कुंडीतून त्यानं पायांवर पाणी घेतलं. बारवेत आताच अंधारलं होतं. खालून शेवाळाचा, पारव्यांच्या विष्ठेचा गार वास वर येत होता. लिंबाजी ताठ उभा राहिला आणि त्याला एकदम भरून आलं.

"आज तू पायजे हुतास, मार्तंडा," तो म्हणाला.

मागून कुणीतरी त्याच्या खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

त्याला वाटलं, शेजारचा शरणप्पा बोलवायला आला. "आलो रं, आलो..."

बोटं खांद्यावरून बगलेत आली. तिथं काही नव्हतं, तरी काहीतरी धरून त्यांनी ओढून बघितलं. मग कमरेला आली. सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखी. नव्या रेशमाचा आणि इंजिनाच्या तेलाचा वास नाकात भरला. वळून बघायचं होतं, पण मान वळेना.

"मार्तंडा...?"

पाठीवर थाप पडली.

आणि लिंबाजीनं उडी घेतली!

पाण्यात गेल्यावर त्याला समजलं आपण काय करून बसलो. नाकातोंडात पाणी, हातपाय सैरभैर. तेवढ्यात हाताला लुगड्याचा काठ लागला. ओढला, तर सत्यभामा! डोळ्यांतलं पाणी लेकीला दिसू नये म्हणून बाई तोंड धुवायला पायऱ्यांनी उतरली होती आणि शेवाळावरून घसरली होती. हाका मारमारून थकली, पण हलगीपुढं ऐकतो कोण! शेवटच्या गटांगळीला लिंबाजीनं तिला धरलं. आणि तो बुडाला नाही. तळवे तळाला टेकत नव्हते, तरी पायाखाली काहीतरी भक्कम होतं. कुणाच्या तरी खांद्यांवर उभं राहावं तसं.

"शरणप्पा! बंडप्पा! धावा रं!"

मामाला हुडकायला निघालेला शरणप्पा आणि त्याचा भाऊ बंडप्पा धावतच आले. मोटेचा नाडा, म्हणजे जाडजूड दोर, खाली सोडला. आधी सत्यभामेला वर घेतलं, मग लिंबाजीला. बाई खोकली, पाणी ओकली आणि डोळे उघडून पहिलं काय म्हणाली असेल?

"दादा, तुमी आन् पाण्यात?"

असं हसू फुटलं म्हणता! लिंबाजी रडत होता, हसत होता, तिच्या डोक्यावर हात ठेवत होता. "त्यानं ढकललं मला, बाई. तुझ्या नवऱ्यानं. माझी पाठ अजून चुरचुरतीया."

सत्यभामा हसायची थांबली. तिनं त्याची पाठ बघितली नाही. ती त्या दोघा भावांकडं बघत होती.

शरणप्पा आणि बंडप्पा अजून कड्यावर पाय रोवून उभे होते. नाडा त्यांच्या हातात ताठ होता.

"मामा..." बंडप्पा नाड्याकडं बघत म्हणाला. "खाली अजून कोन हाय?"

नाड्याला हिसका बसला. जरा थांबून आणखी एक. हात बदलत कुणी वर चढावं तसा.

"सोडू का, मामा? सोडून देऊ...?" शरणप्पा म्हणाला.

मांडवातून भटजींची हाक आली, मामा कुठं आहेत म्हणून. सत्यभामा उठली. ओला पदर डोक्यावर घेतला, कपाळावर हात फिरवला.

"सोडू नका," ती म्हणाली. "लेकीचं लगीन हाय त्यांच्या."

लिंबाजीनं तळहात धोतराला पुसले आणि नाडा धरला. मग तिघं मिळून ओढायला लागले.