पितळी पट्टीच्या वर

शेवटी सगळे फोटो पुन्हा वर गेले, एकाचे पाय ओले राहिले, आणि त्याविषयी घरात बोलायचं नाही असं ठरलं. तेव्हा तसं काही घडलंच नाही. उरतो तो एवढाच प्रश्न, की घरातले फोटो भिंतीवर लावावेत कसे.

टिल्मान त्यातला जाणकार होता. कासेलच्या एका संग्रहालयात चित्रं टांगण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. मग फ्राउकेशी लग्न करून तो तिच्या माहेरी, हालिगवर राहायला आला. हालिग म्हणजे उत्तर समुद्रातलं असं सपाट बेट, की हिवाळ्यातल्या वादळात कुरणं पाण्याखाली जातात आणि मातीच्या उंचवट्यांवरची घरं तेवढी वर उरतात. एका जुन्या वादळात पाणी घरातही शिरलं होतं. कुठवर, ते बैठकीच्या भिंतीवर पितळी पट्टी ठोकून दाखवलेलं होतं. पट्टी टिल्मानच्या कपाळाला लागायची.

घरातले झाडून सगळे फोटो त्या पट्टीच्या वर, तक्तपोशीखालच्या चिंचोळ्या जागेत, एका रांगेत होते. बघताना मान मोडायची. सासरची माणसं टिल्मान बुटांवरून ओळखायला शिकला होता. त्या रांगेत त्याच्या लग्नाच्या फोटोला मात्र जागा नव्हती. तो मोठा फोटो त्याच्या आईने चौकटीत बसवून पाठवला होता, आणि आल्यापासून कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभा होता. सासरा नॉमेन म्हणायचा, "जागा झाली की बघू, जावईबुवा." जागा कशी होते, हे विचारायचं टिल्मानचं धाडस झालं नाही.

नॉमेन खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी किनाऱ्यावरच्या हुसुम गावी गेला, तेव्हा टिल्मानने फोटो उतरवले. रीतसर काम केलं. आधी प्रत्येक चौकटीच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापला, भिंतीवर चिकटवला, लांब उभं राहून सरकवला. चित्राचा मध्य डोळ्यांच्या उंचीला, हा नियम. फ्राउके टेबलाशी कोळंबी सोलत होती. बाबांना हे आवडणार नाही, असं तिने दोनदा सांगून पाहिलं.

"त्यांना नीट दिसेल तरी," टिल्मान म्हणाला.

"दिसतं त्यांना. खुबा गेलाय, डोळे नाहीत गेले."

सकाळी कागद भिजलेले होते. सगळे एकाच पातळीपर्यंत, आणि वास चिखलाचा. टिल्मानने खापर गोंदावर फोडलं आणि खरे फोटो लावले, मधोमध कपाटामागचा लग्नाचा. छान दिसले. आपल्या आजीच्या गालावर तीळ होता, हे फ्राउकेला त्या दिवशी कळलं.

त्या आठवड्यात आजी फोटोत चवड्यांवर उभी दिसली. पहिल्यापासून तशीच असेल, असं टिल्मान स्वतःला म्हणाला. मग तिचे बूट तिच्या हातात आले. मेल्फकाकांच्या पायाशी बसलेला कुत्रा त्यांच्या कडेवर गेला. कुत्रा दांडगा होता आणि काका वैतागलेले दिसत होते. चर्चच्या बाकावर बसलेली मुलं बाकावर उभी राहिली. पाणी एकाही फोटोत नव्हतं. टिल्मानने काचांवरून बोट फिरवून पाहिलं. कोरड्या.

त्याचे मोजे मात्र ओले निघू लागले. बाहेर चांगलं ऊन, आणि बूट काढावा तर घोट्याभोवती मिठाची रेघ.

नॉमेन काठी टेकत परत आला. "मॉइन," असा तिकडचा नमस्कार केला, चहात खडीसाखर विरघळू दिली आणि मग भिंतीकडे वळला.

"खाली लावलेत."

"डोळ्यांच्या उंचीला," टिल्मान म्हणाला.

"कुणाच्या?"

दोघांनी मिळून सगळे फोटो पुन्हा वर नेले. दुसऱ्या दिवशी मेल्फकाकांनी कुत्रा खाली ठेवला होता. आजीने बूट घातले होते.

लग्नाचा फोटो तेवढा वर मावेना. तक्तपोशीला टेकवला तरी अर्ध्याहून जास्त पट्टीखाली. टिल्मान म्हणाला, माळ्यावर ठेवू.

"एकदा लागलेला फोटो काढून ठेवत नाहीत," नॉमेन म्हणाला. "केटेलचा ठेवला होता."

"केटेल कोण?" फ्राउकेने विचारलं.

"तेच म्हणतोय मी."

टिल्मानने लहान प्रत काढून आणली आणि वरच्या रांगेत घुसवली. तीत दोघंही ठणठणीत कोरडी होती. मोठ्याचा प्रश्न त्याने सुटला नाही; तो तक्तपोशीला टेकून तसाच राहिला.

मोठ्या फोटोत आता फ्राउके त्याच्या खांद्यांवर बसली होती. हातात फुलं, चेहऱ्यावर हसू. पट्टीच्या वर.

टिल्मानचा टाय छातीसमोर आडवा झाला होता. फोटोत वारा नव्हता.

नॉमेनने फोटो बघितला. मग त्याने टिल्मानच्या चहात रम ओतली, नेहमीपेक्षा जास्त.

"पोरीला वर धरलंस," तो म्हणाला. "आमचा शोभतोस."

हे ऐकायला टिल्मान लग्नापासून थांबला होता. त्याने मान हलवली. सदऱ्याची कॉलर मिठाने कडक झाली होती, मानेला टोचली.

तक्तपोशी उंच करायला वारसा खात्याने नकार दिला; घर जुनं, गवती छपराचं, खिळासुद्धा विचारून मारायचा. तेव्हा टिल्मानने किनारा संरक्षण कार्यालयाला लिहिलं:

"सदर घरातील बैठकीच्या खोलीपुरती समुद्राची पातळी, शरदातील वादळांपूर्वी, निदान हनुवटीइतकी खाली आणण्यात यावी, ही नम्र विनंती. अर्जदार चवड्यांवर उभा आहे. अर्जदाराचे दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे सही पत्नीने केली आहे."