पावलं ओळखणारा हवालदार

लिंबागणेशच्या गणपतीच्या देवळात चतुर्थीची गर्दी. त्या गर्दीत केदारनाथ हवालदाराच्या नजरेसमोर दोन पावलं येऊन थांबली. बारीक पैंजण, बोटांत जोडवी नाहीत, उजव्या अंगठ्यावर शेंदराचा ठिपका. त्याहून वरचं काही दिसणं त्याला शक्यच नव्हतं.

"हवालदारसाहेब, काही हरवलं का?" वरून आवाज आला.

"पाठ," तो म्हणाला. "सापडली तर शिरूरच्या ठाण्यात जमा करा."

वरती हसू सांडलं... अन् पावलं गर्दीत विरघळली.

गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ उगवत होते, तेव्हाची ही गोष्ट. शिरूर कासारच्या ठाण्याची जीप कायम दुरुस्तीला, म्हणून केदारनाथ मोटारसायकलवर गस्त घाली. रस्ते असे की एका खड्ड्यातून निघालेला माणूस दुसऱ्यातच दिसायचा. त्यात त्याची पाठ काटकोनात वाकली, ती वाकलीच. वर्षभर त्यानं माणसाचं तोंड पाहिलं नव्हतं. सगळं गाव तो चपलांवरून ओळखायचा. कडा गावच्या साखर कारखान्यावर उसाच्या गाड्यांच्या गर्दीत त्यानं एक चोर धरला, तो निव्वळ टाचेच्या भेगांवरून! खोटं वाटत असेल तर कड्याला जाऊन विचारा.

पण आता वार्षिक तपासणी आली होती. ठाणेदार म्हणाले, "केदार, मोठ्या साहेबांसमोर सरळ उभा राहिलास तर बंदोबस्ताची ड्युटी. न्हाईतर जन्मभर टपालाच्या टेबलावर बस."

जोडीदार बंकट त्याला धरून बूथशेजारच्या खोलीत घेऊन गेला. "मणकेवाली डॉक्टरीण आलीय बे. हातानंच सरळ करती म्हणं."

केदारनाथनं उंबरा ओलांडला अन् समोर बारीक पैंजण. तीच पावलं!

"अजून सापडली न्हाई वाटतं पाठ?" पावलांनी विचारलं.

ती शिवांजली, किराणावाल्या मन्मथप्पांची लेक. परदेशात शिकलेल्या एका डॉक्टरांकडून पुण्यात ही विद्या शिकून आली होती. पाटीवर 'कायरोप्रॅक्टिक' लिहिलं होतं. तो शब्द गावाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे मणकेवाली म्हणायचे.

सुतारानं करून दिलेल्या बाकाला एका टोकाला भोक होतं. "पालथे झोपा. तोंड ह्यात घाला."

"कोठडीत घालताव का?"

"गुन्हा बघून ठरवू. श्वास सोडा... सोडा म्हणलं ना!"

कडाड्!

त्या आवाजानं बूथवर बोलणाऱ्याच्या हातून फोन पडला. लिंबावरची पाखरं उडाली, ती म्हणे संध्याकाळपर्यंत परतली नाहीत. अन् दारातला बंकट "गोळीबार!" म्हणून ओरडत लाठी घेऊन आत घुसला.

"हात वर!"

शिवांजलीनं हात वर केले. घाबरून केदारनाथही बाकावरून उतरला अन् त्यानंही केले... हात वर गेले, खांदे गेले, मान गेली. तो ताडासारखा उभा राहिला. दारातून आभाळ दिसलं, केवढं तरी आभाळ! वर्षभर हे कुणी दडवून ठेवलं होतं? अन् मग त्याची नजर तिच्याकडं वळली. पावलांच्या वर एक चेहरा होता. घामेजलेलं कपाळ, हसू दाबणारे ओठ... तो हात खाली घ्यायचंच विसरला.

"घ्या आता खाली," ती हळूच म्हणाली. "महिनाभर यायचं. टाच आपटून सलाम ठोकायचा न्हाई, मणक्याला हिसका बसतो. अन् बरं झालं की परत यायचं न्हाई. बरी माणसं मी घेत न्हाई."

महिना सरला. तपासणीच्या दिवशी सगळ्यांच्या टाचा वाजल्या, केदारनाथची नाही.

"टाचेचा आवाज कुठं गेला?" साहेब गरजले.

"डॉक्टरीणबाईंनी बंद केलाय, सर."

साहेबांनी स्वतःची कंबर चाचपली. मग खालच्या आवाजात विचारलं, "पत्ता?"

बंदोबस्ताची ड्युटी पक्की झाली. पण दुसऱ्या दिवशी केदारनाथ पुन्हा काटकोनात! शिवांजलीनं त्याला पालथा घातला, पाठीवरून दोन बोटं फिरवली.

"पाठ ठणठणीत हाय. ही नाटकं कावून?"

बाकाच्या भोकातून तीच दोन पावलं दिसत होती. तो त्यांच्याशीच बोलला, "बरं झालं की यायचं न्हाई म्हणलात. अन् मला... ही पावलं दिसल्याबिगर दिवस उगवल्यावानी वाटत न्हाई."

पावलं हलली नाहीत. फक्त एक अंगठा दुसऱ्यावर चढला.

"उठा," ती म्हणाली. "असलं जमिनीकडं बघून बोलत नसतेत."

तो उठला. तिच्या डोळ्यांत पाहिलं अन् सगळे शब्द पळाले. मग पोलिसाला जे येतं, तेच त्यानं केलं. खाडकन टाच आपटून सलाम ठोकला!

"अवो, टाच! पाठ जाईल की!"

"गेली तर?"

"गेली तर..." ती लाजली. "मी हाय ना."

आवाज ऐकून मन्मथप्पा शेजारच्या दुकानातून धावत आले. दोघांकडं बघून त्यांना काय कळायचं ते कळलं. केदारनाथनं हात जोडून लिंगायत रीतीनं नमस्कार केला, "शरणार्थ, आप्पा."

"शरणार्थ." आप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग लेकीला विचारलं, "सरळ हाय का?"

"हाय, आप्पा."

"मग घरच्यांना घेऊन रीतसर या."

लग्नात करवल्यांनी हट्ट धरला, जोडवी नवऱ्यानंच घालायची. केदारनाथ वाकला. आपखुशीनं, पार काटकोनात. जोडवी केव्हाच बसली होती... तरी तो उठायचं नाव घेईना.