गुलाबी, हिरवी आणि आबांची जमीन

"ओ मॅडम! जिवंत हाय ना?"

आंबिवलीच्या टेकडीवर, कोवळ्या उन्हात, मी गवतात पालथी पडलेले. मान न वळवताच म्हणाले, "जिवंत आहे. आधी तो जेसीबी बंद करा!"

जेसीबी खरंच थांबला. आणि मग एक उंच, सावळा मुलगा चक्क माझ्या शेजारी येऊन आडवा झाला.

"काय बघताय?"

"उंदीर."

"उंदरांसाठी माझं घर थांबवलंत?"

मी दुर्बीण त्याच्या हातात दिली. बिळाशी तीन रानउंदीर होते. ओळखू यावेत म्हणून मीच त्यांच्या पाठी रंगवलेल्या. गुलाबी दातांत खडा धरून आणत होती, हिरवी तो बिळाच्या तोंडाशी रचत होती, आणि निळा आतून माती उकरत होता.

"रोज हेच? ज्याचं काम त्यानंच?"

"तेच तर शोधतेय. एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे. होळीपर्यंत वेळ द्या."

"नाय दिला तर?"

"तर मी इथून उठणार नाही."

"मग तर नायच देत," तो म्हणाला... आणि इतकं मोकळं हसला की माझी नोंद चुकली.

त्याचं नाव नयन. जमीन त्याच्या वडिलांची, आबांची. ते तणतणत आलेच. मी सगळं सरळ सांगितलं. आबा काही बोलणार, तोच नयन म्हणाला, "पाया पलीकडं घेऊ."

"तिथं कातळ हाय!"

"फोडीन मी."

आबांनी आळीपाळीनं आमच्याकडे पाहिलं. "उंदरासाठी का पोरीसाठी?"

नयन कानापर्यंत लाल झाला. मी मात्र दुर्बिणीत डोळे खुपसले.

मग रोज सकाळी तो चहाची किटली घेऊन यायचा. दिवसभर कातळ फोडायचा. तळहाताला फोड आले, तरी कुरकुर नाही. हळूहळू 'मॅडम'ची संचिता झाले.

जानेवारीत एका सकाळी गुलाबी आलीच नाही. जवळच घुबडाचं पीस पडलेलं. मी ते उचलून वहीत ठेवलं.

"आता खडे कोण वाहणार?" नयननं हळूच विचारलं.

"बहुतेक कोणीच नाही... हिरवीनं कधी वाहिलेच नाहीत."

आम्ही वाट पाहत राहिलो. ऊन वर चढलं. आणि हिरवी बाहेर आली! केवढा तरी खडा उचलला, पाडला, पुन्हा उचलला... ओढत ओढत बिळापर्यंत आणला.

"आणला!" मी आनंदानं नयनचा हात घट्ट धरला. सोडायचं विसरले. त्यानंही आठवण करून दिली नाही.

होळी आली. प्रोजेक्ट संपला. मी कॅमेरा बॅगेत भरत होते, तो पायानं माती उकरत उभा.

"आता येणार नाय तू."

"कामासाठी नाही."

"मग—?"

"मानपाड्याला घर आहे आमचं. रविवारी आबांना घेऊन ये. आई विचारेल, का आलात..."

"काय सांगू?"

"खरं ते सांग."

तो एक पाऊल जवळ आला. "तू मला जाम आवडतेस, संचिता. हे सांगू?"

"सांग. आणि मी 'हो' म्हणाले, हेही."

त्यानं तिथल्या तिथं फोन लावला. "आबा, रविवारी रिकामे हाय ना? संचिताच्या घरी जायचंय."

पलीकडचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला— "अरे गाढवा, मी कवाच सदरा शिवायला टाकलाय!"