सरावाचा पाहुणा

त्या दोघांची पहिली भेट झाली तेव्हा मध्ये एक गादी होती. इतरांच्या प्रेमकथेत जिथे नजरानजर होते, तिथे यांच्या नशिबी कापूस आला.

झालं असं, की लॉजवरची ती मुलगी गादीला ऊन दाखवायला निघाली होती. दोन्ही हातांनी गादी कवटाळलेली, डोळ्यांसमोर नुसते निळे पट्टे. जिना उतरून ती सवयीने दाराबाहेर पडली. दारात कोणीतरी उभं आहे हे तिला कळेपर्यंत त्या कोणीतरीला ती गादीसकट रस्त्यावर घेऊन गेली होती.

"अहो... मी आत येत होतो," गादी म्हणाली.

"आता आलाच आहात बाहेर, तर ते टोक धरा. वर उचला की! खाली चिखल आहे."

टोक धरलं गेलं. गादी अंगणाच्या कठड्यावर पडली आणि पलीकडून एक तिरका झालेला चष्मा वर आला. चष्म्याच्या मागे हसू होतं.

"खोली मिळेल?"

"किती दिवस?"

"गर्दी येईपर्यंत," तो म्हणाला. "गर्दी आली की मी जातो."

हे तिला विचित्र वाटलं. माणसं गर्दीसाठी येतात. हा गर्दी यायच्या आत पळणारा कोण? पण विचार करायला तिला वेळ नव्हता. तिला कधीच कशाला वेळ नसे. गाव तिला धांदल म्हणत असे, आणि ती एका हाताने पडदे काढत, दुसऱ्याने दूध उतरवत, तोंडाने कोणालातरी रस्ता सांगत त्या नावाला जागत असे. लॉज तिच्या मावशीचं. मावशी गल्ल्यावर बसून जगाकडे बघायची, आणि धांदल जगाला चादरी घालायची.

गर्दीचं प्रकरण असं होतं. एक मोठी सायकल शर्यत यंदा या गावात एका रात्रीचा मुक्काम करणार होती. शेकडो सायकलवाले, त्यांच्या मागे त्यांचे डॉक्टर, मेकॅनिक, बायका, आणि त्या सगळ्यांना बघायला हजारो लोक. गावाला आजवर येणारी सगळ्यात मोठी गर्दी म्हणजे बस बिघडली की उतरणारे प्रवासी. त्यामुळे पर्यटन खात्याने एक प्रशिक्षक धाडला होता, तोच हा चष्मेवाला. गाव त्याला सर म्हणू लागलं.

सरांची शिकवायची पद्धत साधी होती. ते प्रत्येक ठिकाणी सरावाचा पाहुणा म्हणून जात आणि तक्रार करत. खानावळवाल्या काकांकडे जाऊन त्यांनी सूपमध्ये माशी असल्याची तक्रार केली. माशी नव्हती. काकांनी चमच्याने ढवळून, खाली वाकून शोधली आणि म्हणाले, "नाही बुवा, आज नाही आली." सरांनी कपाळाला हात लावला.

लॉजवर मात्र सर राहायलाच होते, त्यामुळे तिथली तक्रार अखंड चालू असे.

"उशी जरा... उदास आहे."

"सर, उशी उदास आहे की डोकं?"

"नळाला गरम पाणी येतं, पण रुसून येतं."

"मग समजूत काढा. पाहुण्यांनी थोडं काम केलं तर पाहुणे झिजत नाहीत."

"असं खऱ्या पाहुण्याला बोलाल?"

"खरा पाहुणा असं नळाबद्दल बोलेल?"

 मग धांदल पुसलेलं टेबल पुन्हा पुसायला घेई. टेबल पुसताना सरांची कोपरं उचलावी लागत. सर ती उचलायला जरा उशीरच लावत.

मावशी गल्ल्यावरून म्हणाली, "त्या टेबलाचं पॉलिश गेलं हो, बाई."

मावशीने तिला लहानपणापासून एकच शिकवलं होतं. पाहुण्याचं सगळं करायचं, त्याच्यात जीव तेवढा गुंतवायचा नाही. जाणारा माणूस तो. धांदलला आजवर हे अवघड गेलं नव्हतं. एका जागी टिकेल इतका वेळ तिचा जीवच कुठे असायचा?

पण एका दुपारी वाऱ्याने वाळत घातलेल्या चादरी उडवल्या. दोघं त्यांच्या मागे अंगणभर धावले आणि एकाच चादरीची दोन टोकं धरून थांबले. चादर मध्ये शिडासारखी फुगली होती.

"गर्दी आली की जाता म्हणजे नक्की काय?" तिने चादरीआडून विचारलं.

"रविवारी तालीम. मग मी खात्याला कळवायचं, गाव तयार की गाव कच्चं. तयार असेल तर माझं काम संपलं. पुढचं गाव."

"आणि कच्चं असेल तर?"

"तर मी थांबतो. पण मग शर्यतवाले मुक्काम दुसरीकडे हलवतील."

"मग शर्यती तुम्ही बघता कधी?"

"शर्यत, जत्रा, संमेलन... मी आजवर काहीच बघितलेलं नाही. मी फक्त खुर्च्या मांडतो आणि निघतो."

चादर खाली बसली. सरांचा चेहरा दिसला, आणि तो गमतीचा नव्हता. धांदलने चादरीची उलटी घडी घातली. तिला वाटलं, दुपारी जेवायचं राहिलं म्हणून असेल.

तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. गाव चांगलं ठरलं तर हा जाणार. गाव वाईट ठरलं तर हा राहणार आणि गाव बुडणार. बेकरीवाल्या काकूंनी नवी भट्टी बसवली होती. काका आरशासमोर उभं राहून "स्वागत आहे" म्हणायला शिकले होते. त्यांच्या आनंदावर पाणी ओतायचं? छे! पण एकटीनंच थोडं कच्चं राहायला काय हरकत आहे? एक लॉज ढेपाळलं तर शर्यत काय अडणार नाही, पण सर कदाचित आठवडाभर अडतील...

तिने सरांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं.

सर चहा प्यायले. सगळा. डोळे जरा ओले झाले, पण म्हणाले, "छान झालाय."

धांदल स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटू लागली. मेल्याला चवही कळत नाही!

शनिवारी सरांनी शाळेच्या सभागृहात सगळ्या हॉटेलवाल्यांना गोळा केलं. "उद्या तालीम. अर्ध्या लोकांनी पाहुणे व्हायचं, अर्ध्यांनी यजमान. कोणी काय व्हायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

इथे सरांचा अभ्यास कमी पडला. ज्या माणसांनी जन्मभर दुसऱ्यांची ताटं वाढली, त्यांना कोणी पहिल्यांदाच विचारत होतं की तुम्हाला वाढून घ्यायला आवडेल का. ती मंडळी काय ठरवणार?

रविवारी सकाळी झाडून सगळं गाव पाहुणं झालं. काकांनी खानावळीला कुलूप लावलं, ठेवणीतला कोट घातला, बॅग घेतली आणि बेकरीकडे निघाले. बेकरीला कुलूप होतं, कारण काकू छत्री घेऊन खानावळीकडे निघाल्या होत्या. दोघं नाक्यावर भेटले. तिथे नाक्यावरच्या हॉटेलचे भाऊ सहकुटुंब, बंद दारांना नावं ठेवत उभे होते.

"काय हो हे गाव!" भाऊ म्हणाले. "पाहुण्यांना साधा चहा नाही!"

उघडं होतं फक्त मावशीचं लॉज. तिथे धांदल खुर्चीवर हातांची घडी घालून बसली होती. तिने निश्चय केला होता. आज काहीही करायचं नाही. लॉज कच्चं ठरवायचं. बसून बसून तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, आणि मावशी चष्म्यावरून बघत होती. "ताप आहे का गं?"

इतक्यात दारातून आख्खं गाव आत शिरलं.

"खोली पाहिजे!" "आधी नाश्ता!" "मुलाला दूध, साय काढून!" "माझ्या सूपमध्ये माशी आहे," काका म्हणाले. त्यांना अजून सूप दिलेलं नव्हतं.

धांदल बसून राहिली. सर भिंतीला टेकून तिच्याकडे बघत होते. एक पळ... दोन... काकूंनी दमून पायरीवर बैठक मारली आणि हळूच म्हणाल्या, "पाणी मिळेल का गं? सकाळपासून उभी आहे."

झालं. निश्चय तिथेच संपला. धांदलने पाणी दिलं, पाणी देता देता दूध तापत ठेवलं, दुधाबरोबर अंडी चढली आणि तिला काही कळायच्या आत ती चार दिशांना होती. "भाऊ, वरची कोपऱ्यातली खोली. काका, माशी नंतर येईल, आधी ब्रेड घ्या. सर! बघत काय उभे राहिलात? कांदा चिरा!"

"मी परीक्षक—"

"बारीक चिरा!"

सरांनी बाह्या सरसावल्या. कांदा म्हणून जे काही चिरलं त्यात बोटाचाही थोडा भाग होता. तिने चिंधी बांधली. बांधायला गरजेपेक्षा जास्त गाठी मारल्या. बाहेर गाव जेवत होतं, तक्रारी करत होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर उष्टं ताट तसंच टाकून उठण्याचा आनंद घेत होतं.

संध्याकाळी सरांनी जाहीर केलं, "गाव तयार."

टाळ्या पडल्या. धांदलने नाही वाजवल्या. तिचे हात साबणात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसस्टँडवर गेली. शर्यतीच्या आठवडाभर आधी येणाऱ्या पहिल्या पाहुण्यांना आणायचं होतं. निदान मावशीला तिने तसंच सांगितलं. सर आपल्या बॅगेवर बसले होते. जी बस पाहुणे आणणार, तीच त्यांना घेऊन जाणार होती.

"निघालात," ती म्हणाली.

"हो."

"बोट कसं आहे?"

"उदास आहे."

तिला हसू आलं नाही. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली. "मी लॉज मुद्दाम बिघडवणार होते. तुम्ही थांबावं म्हणून. चहात मीठ मीच घातलं होतं."

"माहीत आहे."

"माहीत आहे? मग छान का म्हणालात?"

"वाईट म्हटलं असतं तर तुमच्या लॉजला डाग लागला असता." सर चष्मा पुसू लागले, तो स्वच्छच होता. "मीही प्रयत्न केला... गाव कच्चं ठरवायचा. उशीत खोट काढली, नळात काढली. काल तर देवाने दिल्यासारखी संधी होती, गावाला कुलपं! पण तुम्हाला त्या गर्दीत बघितलं, आणि कच्चं लिहायला हात वळेना."

लांबून बसचा आवाज आला. वळणावर धूळ उठली. धांदलचं मन बसच्या पुढे धावलं, मागे आलं, पुन्हा धावलं.

"जाऊ नका," ती एकदम म्हणाली. मग घाबरून, "म्हणजे... नियम असेल तर—"

"प्रशिक्षकाने गर्दीच्या दिवशी थांबू नये, असा नियम आहे." सर उभे राहिले. "घरच्या माणसाबद्दल खात्याने काही म्हटलेलं नाही."

"घरच्या?"

"तुमची हरकत नसेल तर. पुढच्या गावाला मी शर्यतीनंतर जाईन. पण तिथून रोज तक्रार करीन, आणि काम झालं की तक्रार घेऊन स्वतः येईन."

 धांदलने त्यांची बॅग उचलली. बॅग जड होती, म्हणून एक बंद त्यांच्याकडे दिला. "कांदा शिकावा लागेल."

"शिकतो."

"आणि मावशी हो म्हणायला हवी."

"काल त्यांनीच सांगितलं, पोरगी तुझ्यासाठी खुर्चीवर बसून राहिली होती, याहून जास्त काय करायला हवं तिने?"

धांदल लाल झाली. बस थांबली, दारं उघडली आणि हेल्मेटं, पिशव्या, चाकं, आवाज असं सगळं एकदम अंगावर आलं. सगळ्यात पुढचा घामेजलेला माणूस सरांसमोर येऊन उभा राहिला.

"नमस्कार. राहायची सोय कुठे होईल? तुम्ही इथलेच ना?"

सरांनी बॅगेच्या दुसऱ्या बंदाकडे पाहिलं. तो बंद त्यांना केव्हाच लॉजच्या दिशेने ओढू लागला होता.

"हो," ते मागे खेचले जात म्हणाले, "आत्ताच झालो."