एक तास पुढे

मी तिकडे गेले ती फक्त नवऱ्याची बॅग आणायला. स्वेटर, दाढीचं सामान, हत्यारांची पेटी, एवढंच. पार्सलनेही आलं असतं. पण एकटीने घरात बसून भिंती तरी किती बघायच्या?

तो वारा मोजणारी यंत्रं दुरुस्त करायचा. उंच उंच खांबांवर चढून. शेवटचं काम मिळालं ते डोंगरापलीकडच्या एका वस्तीत. मोबाईलला रेंज नाही, बस दिवसाआड. चार महिन्यांसाठी गेला होता. तिसऱ्या महिन्यात खांबावरून पडला. मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळवलं.

नंतर टपालाने मृत्यूचा दाखला आला. त्यावर वेळ होती संध्याकाळी पाचची. आणि त्याच संध्याकाळी साडेपाचला मी त्याच्याशी फोनवर बोलले होते.

मी तो कागद दिराला दाखवला. त्याने समजावलं की तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागे असतं. आपले साडेपाच म्हणजे तिकडचे साडेचार. वहिनी, तुमच्याशी बोलून दादा वर चढला असणार, असं म्हणाला. हिशेब जुळत होता. मीही तो जुळवून घेतला.

सलत होता तो फोन. उणीपुरी दोन मिनिटं बोललो असू. पलीकडे वारा इतका, की त्याचा आवाज मधूनच यायचा. तुझ्याकडे किती वाजले, असं त्याने विचारलं. मी साडेपाच म्हटलं. "मग अजून वेळ आहे," तो म्हणाला. थोडं थांबून पुन्हा तेच, किती वाजले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी चिडले. गॅसवर दूध उतू चाललं होतं. नंतर बोलू म्हणाले आणि ठेवून दिला.

बस दुपारी खिंडीत पोचली. लख्ख ऊन होतं, पण माणसाचा मागमूस नव्हता. ड्रायव्हरने गाडी थांबवली, मागे वळला आणि सगळ्यांना घड्याळं एक तास पुढे करायला सांगितली. नाहीतर परतीची बस चुकते म्हणे लोकांची.

"पुढे?" मी विचारलं. "मागे ना?"

"पुढेच, ताई. वीस वर्षं हीच गाडी चालवतोय."

सगळ्यांनी मुकाट्याने घड्याळं लावून घेतली. माझे हात मांडीवर तसेच राहिले. तिकडचे पाच म्हणजे आपले चार. माझ्या स्वयंपाकघरात साडेपाच वाजले, तेव्हा त्याला जाऊन दीड तास झाला होता.

वस्तीत एकच दवाखाना, दोन खोल्यांचा. तिथली सिस्टर साधारण माझ्याच वयाची. तिने बॅग तयार ठेवली होती. बस परवा सकाळी, म्हणून आतल्या खोलीत माझी गादीही घातली होती. खोलीला स्पिरिटचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. बाहेर वारा एकसारखा घुमत होता, लांबवर कुणी रिकाम्या बाटलीत फुंकर मारत बसावं तसा.

मी तिला दाखल्यावरच्या वेळेबद्दल विचारलं. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. हेच बघून लिहिली, म्हणाली. त्याला इथेच आणलं होतं, तिच्या डोळ्यांदेखत तो गेला. मग मी फोनचं विचारलं.

सिस्टर सांगायला लागली. वस्तीत फोन एकच, तिच्या टेबलावरचा. त्या दिवशी दुपारीच वाऱ्याने त्याची तार तुटली होती आणि ती जोडायला दुसरा दिवस उजाडला. रात्रभर ती त्या मुक्या फोनशेजारी बसून होती. तिथून कुणीच कुणाला फोन केला नव्हता.

तिने दिवा लावला. आम्ही दोघी चहाचे कप धरून बसलो. बाहेर अंधारून आलं तशी तिची नजर पुन्हा पुन्हा घड्याळाकडे जायला लागली. साडेसहाला फोन वाजला. तिने मान वर केली नाही.

"रोज याच वेळेला येतो," ती पुटपुटली. "मी आता उचलत नाही... तुम्हीही उचलू नका."

मी उचलला.

आधी नुसता वारा. मग त्याचा आवाज. "तुझ्याकडे किती वाजले?"

या वेळी मला चिडायचं नव्हतं. "साडेसहा," मी म्हणाले.

"साडेसहा कसे?... साडेपाच ना?"

"मी घरी नाही रे. इथे आलेय, तुझ्या वस्तीत. तुझं सामान न्यायला..."

वारा थांबला. एकदम, दार लावल्यासारखा. मग तो अगदी हळू बोलला, शेजारच्या खोलीतल्या कुणाला ऐकू जाऊ नये असा.

"अगं... मग मला दार कोणी उघडलं?"

लाईन गेली. त्यानंतर साडेसहाचा तो फोन कधीच आला नाही.

परवाची बस आली आणि गेली. त्याच्या पुढचीही. मी सिस्टरच्या हाताखाली राहिले, पट्ट्या उकळते, आलेल्यांची नावं लिहून घेते. ती कधी काही विचारत नाही. सहा महिने झाले. घराची किल्ली माझ्या उशाखाली असते.

गेल्या आठवड्यात धीर करून शेजारच्या काकूंना फोन लावला. घराचं कुलूप ठीक आहे ना, एवढंच विचारायचं होतं. मी हॅलो म्हणताच त्या हसायला लागल्या.

"अगं, समोरच्या घरातून फोन कसला करतेस? दार वाजव की." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "काल संध्याकाळी गॅलरीत बसून हसत होतीस ना, मी पाहिलं. किती दिवसांनी हसलीस बाई. बरं वाटलं हो जिवाला."