चार खेळींतली मात

हेमांगी गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी तिनेच पाठवलेलं बुद्धिबळाचं कोडं सोडवत बसलो होतो. माझी बायको मंगळावरच्या तळावर खडक तपासायची. कोडं सकाळी आठला आलं. तिचं हृदय बंद पडल्याचं साडेदहाला कळलं. कोड्याखाली लिहिलं होतं : पांढऱ्याची खेळी, चार खेळींत मात.

त्यानंतर मला एका जागी बसवेना. पट मांडायचो, उठायचो, गॅलरीत जाऊन परत यायचो. मी आयुष्यभर पाण्याचे पंप दुरुस्त केले, असली कोडी मला जड जातात. शेवटी घरातल्या यंत्रमानवाला, चतुरला, विचारलं.

"चारमध्ये मात होत नाही," चतुर म्हणाला. "पाच लागतात."

"पुन्हा बघ."

"तीनदा बघितलं, आबा."

म्हणजे हेमांगी चुकली होती. पूर्वी ती अशी चुकायची नाही. आधीपासूनच तिला बरं नव्हतं का? आणि ते माझ्या लक्षात आलं नाही का? मी पुन्हा उठलो.

"आबा, बसा हो जरा. मला चक्कर येतेय तुमच्याकडे बघून," अकरा वर्षांची नात शलाका म्हणाली. "याने उत्तर कसं काढलं, ते तरी विचारा."

चतुरने सांगितलं, "पांढऱ्याच्या चार खेळी आणि मधल्या काळ्याच्या तीन, अशा सात. दर वेळी साधारण तीस पर्याय धरले, तर दोन हजार एकशे सत्त्याऐंशी कोटी वाटा होतात."

"एवढ्या सगळ्या बघितल्यास?"

"नाही. मी छाटणी करतो (निरुपयोगी फांद्या आधीच सोडून देतो). काळ्याने काहीही खेळलं तरी मात व्हायला हवी. पांढऱ्याच्या एखाद्या खेळीवर काळ्याला एक जरी सुटका मिळाली, तरी ती खेळी बाद. मग काळ्याची बाकीची उत्तरं कशाला बघू?"

"म्हणजे कुंपणाला एक भोक सापडलं की पुढचं कुंपण बघायचं नाही," शलाका म्हणाली. "मग आजीच्या कोड्यात भोक कुठे आहे?"

चतुरने पटावर दाखवलं. पांढरा वजीर आडव्या ओळीतून शह देतो. काळ्याचं प्यादं दोन घरं पुढे येऊन मध्ये उभं राहतं आणि शह अडतो.

शलाका पटाकडे बघत राहिली. "आजीने मला शिकवलं, तेव्हा प्यादं एकच घर चालायचं. शाळेत समोरच्या मुलीने दोन घरं चालवलं, तर मी भांडले होते. सगळे हसले."

मी खाली बसलो. हेमांगी खेळ शिकली ती तिच्या वडिलांकडून, जुन्या देशी पद्धतीने. त्यात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकतं. हे मला ठाऊक होतं, पण चतुरला सांगायला सुचलं नव्हतं.

आम्ही नियम बदलला. चतुर दोन सेकंद थांबला.

"चार खेळींत मात," तो म्हणाला. "कोडं बरोबर आहे."

"मग आधी का नाही बोललास?" शलाकाने दरडावलं.

"मला दिलेल्या नियमांत मी शोधतो. नियम कोणाचे, ते मला कळत नाही."

"मी मोठी झाले की असा प्रोग्राम लिहीन, जो आधी विचारेल, तुमच्याकडे कसं खेळतात?"

"लिही," मी म्हणालो. ती खरंच लिहील असं मला वाटतं.

हेमांगीचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं. तरीही मला स्वस्थ वाटेना. गेल्या दोन वर्षांत, चतुर चूक म्हणतो असं लिहून, मी तिची अकरा कोडी परत पाठवली होती. दर वेळी तिचं एकच उत्तर यायचं : यंत्राचं राहू द्या, तुम्ही मांडून बघा. मी मांडली नाहीत.

ती अकरा कोडी अजून तपासायची राहिली आहेत.